लाकडी दस्ता की टॅक्टिकल साज? गोव्यात छंदासाठी .२२ रायफल निवडताना

गोव्यात ज्यांनी शाळा-कॉलेजात एनसीसी केली, त्यांच्या मनात .२२ (नळीचा व्यास इंचात, सुमारे ०.२२) रायफल म्हणजे ती डिलक्स. लांबलचक लाकडी दस्ता, दर गोळीमागे बोल्टची ये-जा आणि पाठीमागे उस्तादांचा दरडावणारा आवाज. तोच माणूस चाळिशीत छंद म्हणून पुन्हा नेमबाजीकडे वळतो, तेव्हा मोबाइलवर त्याला भलतीच चीज दिसते. काळी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवलेली, पिस्तुलासारखी मूठ आणि जागोजागी रेल, म्हणजे सामान अडकवायच्या दातेरी पट्ट्या. हाच तो टॅक्टिकल, लष्करी थाटाचा साज. ब्रिटनमध्ये स्विंडनला गेलेला चुलतभाऊ तिथल्या क्लबातला व्हिडिओ पाठवतो, त्यात स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ टकाटक मॅगझिन रिकामं करते. मग गाडी एकाच प्रश्नावर अडते: आपण यातली कुठली घ्यायची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ही निवड दोन प्रकारच्या बंदुकांमधली नसतेच, ती दोन प्रकारच्या दस्त्यांमधली असते. असं का, ते कायद्यातून कळतं. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी कायदा बघू.

आधी कायदा, मग आवड

शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल त्यात पहिल्या, कडक वर्गात येते. ती .२२ ची असली तरी सुटका नाही. नेहमीच्या परवान्यावर ती मिळत नाही. ब्रिटनने १९८८ साली मोठ्या बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद केल्या, पण छोट्या .२२ रिमफायर काडतुसाच्या रायफलींना त्यातून वगळलं, म्हणून चुलतभावाची मजा चालू आहे. त्याचा कायदा त्याला, आपला आपल्याला.

नळीच्या तोंडाशी लावायचा सायलेन्सरही याच पहिल्या वर्गात येतो. टॅक्टिकल रायफलींच्या नळीला पुढे आटे पाडलेले असतात ते मुख्यतः त्यासाठी. तेव्हा आपल्याकडे त्या आट्यांना पैसे मोजण्यात अर्थ नाही.

उरते ती बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीमागे बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो ती. परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. अर्ज आपला तालुका ज्या जिल्ह्यात येतो तिथल्या जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत. सोबत शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, मग पोलिसांची चौकशी. घरात शस्त्र ठेवायला पक्की जागा आहे का, हेही बघितलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला लक्ष्यसरावाच्या .२२ साठी कायद्याच्या तिसऱ्याच कलमात या संख्येतून सूट आहे. बागायतीच्या राखणीसाठी आजोबांच्या वेळेपासून घरात एक बंदूक आहे, अशी घरं आपल्याकडे बरीच. त्यांनी ही सूट नीट समजून घ्यावी आणि अर्ज क्लबामार्फत पुढे सरकवावा. अर्जात कारण 'लक्ष्य नेमबाजी' असंच लिहावं. डुक्कर, माकड, गवा यांचा उल्लेखही नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि .२२ हे त्या कामाचं हत्यार नव्हेच.

सामान्य परवानाधारकाला परदेशातून रायफल मागवता येत नाही. ती सवलत राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांना मिळते. संघटना १९५१ सालची, उभी केली ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांनी. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची वाट आहे. म्हणजे बाकीच्यांच्या वाट्याला येतात त्या आयुध निर्माणीची .२२ स्पोर्टिंग रायफल किंवा कुणाच्या तरी घरातली जुनी ब्रनो, बीएसए, अँशुट्झ. टॅक्टिकल रूप हवं असेल तर ते बहुतेक वेळा यांच्याच अंगावर चढवावं लागतं.

काळ्या कपड्याआड तेच यंत्र

रुगर १०/२२ घ्या. १९६४ साली ती बाजारात आली ती साध्या लाकडी दस्त्यात. आज तीच काळ्या प्लॅस्टिकच्या, घडी होणाऱ्या दस्त्यातही मिळते आणि दोन्हींच्या पोटात तेच १० गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन. आपल्याला ती मिळणार नाही, पण मुद्दा बोल्ट ॲक्शनलाही तसाच लागू आहे. सीझेड ४५७ ची तीच ॲक्शन, म्हणजे गोळी भरणारं-झाडणारं यंत्र, अक्रोडाच्या लाकडातही येते आणि ॲल्युमिनियमच्या चॅसीतही (चॅसी म्हणजे दस्त्याऐवजीचा धातूचा सांगाडा). गोळी कुठे लागणार हे ठरवतात नळी, चेंबर (काडतूस बसतं ती नळीमागची पोकळी), ट्रिगर आणि काडतूस. दस्ता ठरवतो तुम्ही त्या नळीमागे किती स्थिर राहता ते. टॅक्टिकल दिसणारी रायफल जास्त अचूक, हा समज डोक्यातून काढून टाका. तसंच 'लाकडी ती खरी, बाकी खेळणी' हाही.

अंगाला बसते का ते पाहा

निवडीचं नव्वद टक्के काम इथे होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. क्लबात किंवा दुकानात रायफल हातात घेतल्यावर ती रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून, चेंबरमध्ये डोकावून आणि बोट घालून पाहा. समोरच्याने 'रिकामी आहे' म्हटलं तरी पाहा. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका मनात धरा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मान सैल सोडा आणि आता डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमचा. काळी चंद्रकोर दिसली, किंवा चित्र दिसण्यासाठी गाल दस्त्यावरून उचलावा लागला, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाचा आहे.

जुन्या लाकडी रायफलीत गाल उचलावा लागतो तो बहुधा याच कारणाने: तो दस्ता नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीवरून नेम धरण्यासाठी बेतलेला असतो. माशी नळीला चिकटून खाली, म्हणून दस्त्याची वरची धारही खाली. त्यावर स्कोप चढवला की डोळा दोनेक बोटं वर न्यावा लागतो आणि गाल अधांतरी राहतो. अशा गालाने तासभर नेमबाजी केली की मान तर धरतेच, शिवाय दर गोळीला डोक्याची जागा बदलते आणि पुठ्ठ्यावर गोळ्या पसरतात. उपाय स्वस्त आहे. दस्त्यावर फोमची पट्टी ठेवून वर कापडी पट्टा आवळायचा. दिसायला गबाळं, कामाला चोख.

टॅक्टिकल चॅसीची खरी कमाई इथे आहे. गालपट्टी वर-खाली होते, मागचा भाग लांब-आखूड होतो. नवरा सहा फुटी, बायको पाच फुटी आणि दोघांना एकाच रायफलीवर सराव करायचा, तर लाकडी दस्ता दोघांपैकी एकाच्या तरी अंगाला बसणार नाही. मुलांनाही हेच लागू. नियमानुसार बाराव्या वर्षापासून मूल देखरेखीखाली नेमबाजी शिकू शकतं आणि त्या वयातलं मूल वर्षभरात कपड्यांतून बाहेर पडतं. अशा घराला मी डोळे मिटून चॅसी सुचवीन.

मात्र उभ्याने नेम धरणं ज्यांना आवडतं, त्यांनी थांबावं. नेहमीच्या घडणीच्या दस्त्याची टिक्का टी१एक्स साधारण २.६ किलोची, चॅसीतली रुगर प्रिसिजन रिमफायर सुमारे ३.१ किलोची. हे झालं नुसत्या रायफलीचं वजन. त्यावर स्कोप, बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू), रेलला लटकवलेलं बाकीचं सामान चढलं की ४ किलोच्या पुढे जाते, आणि वजन बहुतेक पुढे, नळीकडे. पालथं झोपून किंवा टेबलावर टेकवून मारताना हे वजन वरदान आहे. उभ्याने मात्र काही वेळातच डावा हात थरथरू लागतो. जुन्या पद्धतीच्या दस्त्यात वजन दोन हातांच्या मध्ये येतं आणि रायफल खांद्याला लागताच लक्ष्यावर जाते. ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफली ८ किलोपर्यंतच्या असतात, हे कुणी तरी ऐकवेलच. खरं आहे. पण पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेची पाठ आणि आपली रविवारची पाठ यांत फरक आहे. शिवाय ते जाड चामड्याचं जाकीट आपण घालत नाही.

पिस्तूल-मुठीबद्दल एवढंच की, झोपून मारताना मनगट सरळ राहतं आणि चाप बोटाच्या टोकाने नीट मागे ओढता येतो. बारीक हाताच्या माणसाने मात्र बोट चापापर्यंत सहज पोचतं का ते बघावं.

गोव्याचा पाऊस कुणाचं ऐकत नाही

परदेशी लेखांत ही बाब नसते. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याची खारी हवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते.

लाकूड पाणी पितं आणि फुगतं. फुगलेला दस्ता नळीला एका बाजूने टेकतो आणि मे महिन्यात लावलेला नेम ऑगस्टमध्ये सरकलेला निघतो. तपासायची रीत सोपी आहे. दहाची नोट उभी दुमडा, दस्त्याचं पुढचं टोक आणि नळी यांच्या फटीत सरकवा आणि ॲक्शनच्या दिशेने मागे ओढत न्या. मोकळ्या नळीच्या रायफलीत ती अडथळ्याशिवाय जाईल. मध्येच अडली तर तिथे लाकूड टेकतंय. ही तपासणी पावसाआधी एकदा आणि भर पावसात एकदा करावी. काही जुन्या रायफलींची नळी मुद्दामच पुढे लाकडावर टेकवलेली असते. तिथे नोट अडणारच, म्हणून रंधा-पटाशी घेण्याआधी जाणकाराला दाखवा. दस्त्याच्या आतल्या खाचेत आणि मागच्या पॅडखाली कोरं लाकूड उघडं असतं, पाणी तिथूनच शिरतं. तिथे तेलाचा किंवा वॉर्निशचा हात फिरवून घेतला की अर्धं दुखणं जातं. पातळ पट्ट्या चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता कमी हलतो. लाकडावर जीव असलेल्याने तो बघावा.

प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम फुगत नाही, म्हणून पावसाच्या परीक्षेत टॅक्टिकलची सरशी. पण तिची स्वतःची एक खोड आहे. तिच्यात स्क्रू, खाचा, रेलचे दात फार. प्रत्येक दातात घाम आणि खारट दमट हवा बसते. ॲल्युमिनियमला काही होत नाही, त्यात बसवलेल्या पोलादी स्क्रूच्या डोक्यावर मात्र तांबूस ठिपका उमटतो. स्कोपची रिंग सैल करून पाहिलीत तर तिच्या खाली, नेमक्या कडेवर, केसाएवढी गंजाची रेघ सापडेल. लाकडी रायफलीत पुसायला कमी जागा असते, एका फडक्यात काम होतं.

दोन्हींना लागू असलेलं: फोमच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नका. फोम ओल धरून बसतो. पेटी प्रवासापुरती. घरी कुलपाच्या पोलादी कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवा. पिशव्या आपल्या हवेत लवकर भिजतात, त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. विजेवर चालणारी गरम कांडी चांगली, पण पावसाळ्यात आपल्याकडची वीज किती भरवशाची हे तुम्ही जाणता. चामड्याचा पट्टा रायफलीला लावून ठेवू नका, त्याखाली हमखास गंज धरतो.

आणि निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. पंचायत, विधानसभा, लोकसभा धरली की ही वेळ वरचेवर येते. तिथल्या खोलीत रायफल काही आठवडे पडून राहणार, हे धरून चाला. नळीत आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात, बोल्टलाही, आणि पावतीवर रायफलीचा क्रमांक नीट उतरवून घ्या. परत आल्यावर पहिली गोळी झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढा. निवडणुकीच्या हंगामातून जाणाऱ्या रायफलीला प्लॅस्टिकचा दस्ता असलेला बरा, असं मला वाटतं.

काडतूस आणि स्कोप

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. भडका उडवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून नाव रिमफायर, आणि म्हणूनच ते पुन्हा भरता येत नाही. साधारण ४० ग्रेनची म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. स्टँडर्ड काडतूस तिला सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेग देतं. आपल्या उकाड्यात आवाजाचा वेग ३४८ मीटरच्या घरात असतो, म्हणजे ही गोळी सुरुवातीपासूनच त्याच्या खाली असते. हाय-व्हेलॉसिटी गोळी आधी त्याच्या वर सुटते आणि वाटेत खाली येताना डगमगते. सेमी-ऑटोमॅटिकला यंत्र फिरवायला जोर लागतो, म्हणून तिकडचे लोक ती वापरतात. बोल्टवाल्याला तिची गरज नाही. स्टँडर्डच्या दोन-तीन जाती आणून आपल्या नळीला कुठली मानवते ते पुठ्ठ्यावर पाहा, आणि मिळाली की परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेत एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, घ्या. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही चॅसीने पडत नाही.

नेम ५० मीटरवर लावा. त्याच नेमाने १०० मीटरवर मारलंत तर गोळी जवळजवळ वीतभर खाली जाईल. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला दोन-अडीच सेंटिमीटर ढकलतो आणि ५० मीटरच्या पुठ्ठ्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तेव्हा सराव सकाळी करावा.

स्कोप रिमफायरसाठीचा घ्या, त्याचा पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष, ५० यार्डांना नाहीसा केलेला असतो. जुन्या .२२ रायफलींच्या माथ्यावर ११ मिलिमीटरची खाच असते, टॅक्टिकलवर पिकाटिनी रेल (तीच दातेरी पट्टी). रिंगा त्याप्रमाणे. रेल जास्त भक्कम, यात वाद नाही.

जुनी रायफल पाहताना

परवान्यावरचा, कागदावरचा आणि नळीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे सगळ्यात आधी. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा. आतले आटे चकचकीत आणि सलग दिसायला हवेत. काळे खड्डे दिसले तर दस्ता कितीही देखणा असो, नमस्कार करून बाहेर पडा. मग नळीचं तोंड पाहा. कडेवर टवका असला तर गोळी बाहेर पडताना तिरकी होते. चेंबरच्या तोंडाशी पिनेच्या ठोक्याची खूण आहे का तेही बघा. रिकामी रिमफायर वारंवार झाडली की पीन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो. म्हणून रिकाम्या चापाचा सराव, उत्पादकाने चालतं असं लिहिलं नसेल तर, बनावट काडतूस घालूनच करावा.

कुणी 'ही नळी आखूड करून टॅक्टिकल करून देतो' म्हणाला तर तिथून निघा. परवान्याविना नळी आखूड करणं हा कायद्याच्या सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे. दस्ता बदलणं वेगळी गोष्ट, पण तेही परवानाधारक कारागिराकडून करून घ्या आणि मूळ दस्ता जपून ठेवा.

मग घ्यायची कुठली?

अजून काहीच झाडलं नसेल तर आधी कुठलीच नको. ४.५ मिलिमीटरची, २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याविना मिळते. तिच्यावर आणि क्लबाच्या .२२ वर एक पावसाळा-उन्हाळा काढा. तोवर आपण उभ्याने रमतो की झोपून, हे कळलेलं असतं. उभ्याने रमत असाल, एकटेच वापरणार असाल, पुसायचा कंटाळा नसेल, तर चांगल्या नळीची जुनी लाकडी बोल्ट ॲक्शन घ्या, आतलं लाकूड बंद करून घ्या आणि पुढची वीस वर्षं दुसरीकडे बघू नका. टेबलावरून किंवा झोपून मारणार, घरात दोघे-तिघे वापरणार, रायफल निवडणुकांत काही आठवडे पोलीस ठाण्याच्या खोलीत पडणार, तर बदलता येणारा दस्ता किंवा चॅसी. शोभेसाठी चॅसी घेणाऱ्याला मी अडवत नाही. पण ती पेटीतच न्यावी. बागा-कळंगुटच्या रस्त्यावर काळी रायफल खांद्याला लटकवून चालणाऱ्याला पर्यटक आधी पाहतील आणि पोलीस लगेच नंतर.

पत्रादेवी किंवा पोळे नाका ओलांडून बाहेरच्या राज्यात सरावाला जायचं असेल, तर परवान्याचं क्षेत्र गोव्यापुरतं आहे की देशभराचं, हे निघण्याआधी वाचा.

कुळागरात पुठ्ठा लावून 'जरा नेम बघू' हा विचार दोन्ही रायफलींबाबत सारखाच वाईट. या छोट्या गोळीचा पल्ला दीड किलोमीटरच्या पुढे जातो, आणि जांभ्या दगडावरून किंवा तळ्याच्या पाण्यावरून ती उसळी घेऊन कुठेही वळते. रेंजवरच झाडा. चाप ओढला आणि बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. घरी निघताना जेवणाआधी साबणाने हात धुवा, बोटांना शिसं लागलेलं असतं. बोल्ट एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला नकोत.